जबड्याचा सांधा: स्प्लिंट की दात कानसून घेणं?

जबड्याचा सांधा बरेच दिवस दुखतोय, एका डॉक्टरांनी रात्री लावायचा स्प्लिंट (दातांवर बसवायचं कवच) सुचवलाय, दुसरे डॉक्टर दात थोडे कानसून चावा जुळवू म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही एकाच तागडीत तोलू नका. स्प्लिंट मानवला नाही तर काढून ठेवता येतो, कानसलेलं एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) परत येत नाही.

'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने डिसेंबर २०२३ मध्ये नेमक्या अशा जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या. ठाम शिफारस कशाची, तर देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, थेरपिस्टकडून हाताने सांधा सैल करून घेणं आणि सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत). चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट आणि सांध्यातली चकती काढण्याचं ऑपरेशन यांना ठाम नकार. काढता येणारा साधा स्प्लिंट, बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन), सुयांनी सांधा धुणं यांच्याही बाजूने कौल नाहीच, फक्त विरोध सौम्य आहे. तुमच्या प्रश्नाखाली ज्यांनी 'सरळ बोटॉक्स घ्या' म्हटलंय, त्यांनी हे जरूर बघावं.

म्हणून मी तरी आधी फिजिओ गाठीन, पण जबड्याचं काम येणारा. सगळ्यांना ते येत नाही, फोनवरच विचारून घ्या. तोवर चिक्की, ऊस बंद, जांभई देताना हनुवटीखाली मूठ. आणि दिवसा मधूनच बघा, गाडी चालवताना किंवा मोबाइल बघताना दातावर दात दाबलेले असतात का? ओठ मिटलेले, दात मात्र सुटे हवेत.

तोंड अचानक दोन बोटांएवढंही उघडेनासं झालं, तर मात्र व्यायामावर वेळ न घालवता तोंड-जबड्याच्या सर्जनना दाखवा. नुसता कटकट आवाज येतोय, दुखत नाही, तर त्यासाठी काहीच करू नका.