मदत हवी आहे: जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर सहकुटुंब मुक्काम

बडोद्याहून आम्ही ५ जण, त्यात सासूबाई आणि दोन मुलं. डिसेंबरची अमावास्या मुद्दाम धरली आहे: उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खोल जाते, तेव्हाच उघड्या पडलेल्या खडकांवर प्रवाळ, समुद्रफुलं, नशिबात असेल तर ऑक्टोपस दिसतो. पण भरतीही तेवढीच वर चढते, म्हणून तंबू भरतीरेषेच्या बराच वर हवा. वाळूत खुंट्या उपटतात. त्याऐवजी वाळू भरलेल्या पिशव्या फूटभर पुरून त्यांना दोर बांधणार. पाणी माणशी रोज ४ लिटर, दोन दिवसांचे ४० लिटर घरूनच.

जामनगरच्या वनखात्याकडून कुटुंबाला रात्रीच्या मुक्कामाची परवानगी मिळते का? बोटीतून उतरताना चिखल किती? सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्याऐवजी नरारा हे किनाऱ्यालगतचं प्रवाळाचं ठिकाण त्यांना सोपं पडेल का? तिथे बोट लागत नाही, पण ओल्या खडकांवरून चालावं लागतं. मुलांना जिवंत प्रवाळावर पाय न देता कसं फिरवायचं, हेही कृपया सांगा.