‘सहा महिने चार्जिंगला हात लावू नका’ म्हणे! कुठल्या गावात?

पश्चिम_दार:
काल इथं एकानं ठोकून दिलं, ‘दारावर बॅटरीचा वायरलेस कॅमेरा लावा, ना वायर ना मिस्त्री, सहा महिने चार्जिंगला हात लावू नका.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हिशेबच मांडतो.

बॅटरी ५००० एमएएचची धरा. कॅमेरा झोपेत अर्धा मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाचे १२ एमएएच. एका क्लिपला जागं होणं, वाय-फाय पकडणं, रेकॉर्ड करणं, वर चढवणं मिळून २० सेकंद धरा आणि त्यात ३०० मिलिअँपिअर. क्लिपमागे झाले १.७. दिवसाला १० क्लिपा असल्या तर झोपेचे १२ धरून रोजचे २९, बॅटरी १७० दिवस. हेच ते तुमचे सहा महिने. आता दार आपल्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या बोळात उघडतंय, समोरून दिवसभर गाड्या. १०० क्लिपा झाल्या की रोजचे १८०, चार आठवड्यांत खेळ खलास. रात्री इन्फ्रारेड दिवे पेटतात त्याचा खर्च वेगळाच.

आणि ऊन? लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो. मे महिन्यात सावलीतच ४२. पश्चिमेच्या भिंतीवर काळ्या प्लॅस्टिकच्या पोटात काय होत असेल? सर्किट शहाणं असेल तर चार्जिंग थांबवतं. नसेल तर सेल फुगतो.

नो_वायर:
लिहिणारा मीच. मालक, कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे केलं तर तो रस्ताच बघणार की! पीआयआर, म्हणजे अंगाची ऊब हलली की कॅमेऱ्याला उठवणारा सेन्सर, आडवं जाणारं माणूस चटकन पकडतो, सरळ अंगावर येणारं उशिरा. म्हणून कॅमेरा दाराशेजारच्या भिंतीवर, पायऱ्यांवरून येणारा आडवा दिसेल असा लावायचा आणि थोडा खाली झुकवायचा. सेन्सिटिव्हिटी मध्यम, अॅपमध्ये झोन आखून रस्ता वगळायचा. एवढं केलं की तुमच्या १०० च्या १५ होतात. कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी स्टूल घेऊन वर चढा.

पश्चिम_दार:
झोन! इथंच सगळे फसतात. बऱ्याच मॉडेलांत आधी पीआयआर कॅमेऱ्याला उठवतो, मग चित्र बघून कॅमेरा ठरवतो की हे झोनबाहेरचं आहे. तुम्हाला नोटिफिकेशन येत नाही, पण बॅटरी तर गेलीच. खरंच वाचवायची असेल तर पीआयआरच्या पांढऱ्या भिंगाच्या रस्त्याकडच्या बाजूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. दहा रुपयांची टेप झोनपेक्षा जास्त कामाची.

नळाची_वाट:
तुम्ही दोघं दुचाक्या मोजत बसा. पाणी येतं त्या दिवसाचं काय? काही दिवसांआड नळ, तोही रात्री कधी येईल देव जाणे. आला की अख्खी गल्ली दारात. पाइप, बादल्या, मोटारी, भांडणं. एका रात्रीत आठवड्याची बॅटरी साफ. उजनी भरली म्हणून पेढे वाटतात, नळ मात्र…

नो_वायर:
ताई, पाण्याचा विषय काढला तर सकाळ होईल. रीट्रिगरची वेळ, म्हणजे दोन क्लिपांमधलं अंतर, ६० सेकंदांवर न्या. नाहीतर त्या रात्रीपुरतं मोशन बंदच करा. गल्ली जागी असताना चोर येत नाही.

नळाची_वाट:
गल्ली जागी असते म्हणूनच तर पाइप चोरीला जातो. असो. ६० सेकंद करते.

सात_रस्ता:
एवढं कशाला? जुन्या बेलच्या दोन वायरी दारापर्यंत आलेल्याच असतात. त्यावर कॅमेरा जोडा, विषय संपला. व्हिडिओत पाच मिनिटांत जोडून दाखवतात.

तारवाला:
का बे, कुणाला मारायचंय? तो व्हिडिओ अमेरिकेचा. तिथं बेलसाठी ट्रान्सफॉर्मर असतो, वायरीत १६ ते २४ व्होल्ट एसी. आपल्याकडं बेल सरळ २३० वर. डोअरबेल कॅमेरा त्यावर जोडला तर धूर निघेल, आणि पावसात दारातल्या ओल्या डब्याला हात लागला तर माणूस जाईल.

सात_रस्ता:
‘बे’ कुणाला म्हणतो? २३० आहे हे मलाही कळतं. मोबाइलचा अॅडॉप्टर त्या डब्यात बसवायचा, २३० चे ५ होतात.

तारवाला:
नाही होत. बेलच्या बटणाशी न्यूट्रल येतच नाही. बोर्डाकडून फेज बटणात, बटणातून वायर बेलला, न्यूट्रल बेलपाशीच. त्या दोन टोकांत अॅडॉप्टर घातला तर तो बेलच्या सिरीजमध्ये बसतो. ना त्याला नीट व्होल्टेज, ना बेल धड गप्प राहणार, घरघरत बसेल. बोर्ड उघडून बघा, मग बोला. मेन स्विच पाडून.

सात_रस्ता:
मग घरातूनच यूएसबी केबल ओढायची.

तारवाला:
दहा मीटर बारीक केबलमध्ये जाऊन-येऊन सव्वाचार ओहम रेझिस्टन्स. अर्धा अँपिअर ओढला की दोन व्होल्ट वाटेतच. पाचातले तीन उरले, चार्जिंग शून्य, आणि दोष कॅमेऱ्याला.

करायचंच असेल तर १२ व्होल्ट १ अँपिअरचा अॅडॉप्टर घरात ठेवा. शुद्ध तांब्याची लॅन केबल घ्या, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. आठातल्या चार तारा प्लसला, चार मायनसला. दाराशी छोट्या वॉटरप्रूफ डब्यात १२ चे ५ करणारा बक मॉड्यूल. आधी मल्टिमीटरनं ५.१ वर लावा, प्लस-मायनस तपासा, मगच पिन कॅमेऱ्यात. केबल खालून डब्यात शिरू द्या आणि बाहेर तिला खाली झोळ ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी तारेवरून थेट आत.

सात_रस्ता:
एवढा संसार मांडायचा तर मग साधा वायरवाला कॅमेरा काय वाईट?

पश्चिम_दार:
सकाळपासून दुसरं काय सांगतोय!

यंत्रमाग_गल्ली:
सोलरचं नाव कुणीच घेईना. ३ ते ५ वॉटचं पॅनेल, दोन-तीन तास सरळ ऊन मिळालं की रोजचे १८० एमएएच हसत भरून निघतात. सोलापुरात ऊन फुकट आहे.

पश्चिम_दार:
ऊन फुकट, अक्कल नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच पॅनेल असलेलं मॉडेल घेतलं तर पॅनेल जोरात असतं भर दुपारी, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी ४५ च्या वर. म्हणजे पंगतीत बसायचं आणि तोंड शिवलेलं. शिवाय पूर्व भागात यंत्रमागांचे तंतू आणि धूळ मिळून पॅनेलवर गोधडी होते.

यंत्रमाग_गल्ली:
म्हणून तीन मीटर केबलवालं सुटं पॅनेल घ्यायचं. पॅनेल गच्चीच्या कठड्यावर दक्षिणेकडं तोंड, साधारण १७-१८ अंश कललेलं. कॅमेरा पोर्चच्या सावलीत. सकाळी दहापर्यंतच पोट भरतं, दुपारचं नाही मिळालं तरी चालतं. दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायचं, तेही सकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. पॅनेलच्या एका पट्टीवर डिशची सावली पडली तरी उतारा निम्म्यावर येऊ शकतो, तेवढं बघा.

पश्चिम_दार:
सुटं पॅनेल असेल तर हरकत नाही. लिहून घ्या, मी ‘हरकत नाही’ म्हटलं.

भारनियमन:
राउटर विसरलात सगळे. लाइट गेली की राउटर बंद, आणि कॅमेरा वाय-फाय शोधत जागा राहतो. दोन तासांत आठवड्याचं खातो अशीही मॉडेलं आहेत. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा, अॅडॉप्टरचे अँपिअर जुळवून. दाराशी वाय-फायचा सिग्नल उणे ६० ते ६५ डीबीएम हवा, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर. उणे ७५ ला क्लिप अडखळत चढते आणि तितका वेळ रेडिओ पेटलेला.

नळाची_वाट:
माझा कॅमेरा लॅपटॉपच्या चार्जरवर चार्जच होत नाही. बॅटरी गेली का?

तारवाला:
नाही ताई. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल वापरताय ना? स्वस्त कॅमेऱ्यात ‘कॅमेरा जोडलाय’ हे चार्जरला कळवणारे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळतात, मग तो चार्जर करंट सोडतच नाही. जुना चौकोनी यूएसबीचा चार्जर आणि त्याची केबल लावा. आणि सेल बदलायची वेळ आलीच तर १८६५० मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेला घेऊ नका, त्या मापात ३५०० च्या आसपासच मावतात. फुगलेला सेल टोचू नका, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

नो_वायर:
मग उन्हाळ्यात चार्ज करायचं कधी? काढून आणायचा, ८० टक्क्यांपर्यंत भरायचा, परत लावायचा?

तारवाला:
तेच बरं. वायर ओढली असेल तर अॅडॉप्टर टायमर सॉकेटवर टाका, पहाटे ३ ते ५. भिंत निवलेली असते. चोवीस तास लावून ठेवला तर सेल कायम १०० टक्के आणि गरम, दोन उन्हाळ्यांत म्हातारा.

नो_वायर:
बरं बाबांनो, दुरुस्ती करतो. दार उत्तरेला, वर पोर्च, राउटर भिंतीपलीकडे, समोर बोळ नाही, नळाला रोज पाणी: मग सहा महिने. झालं समाधान?

पश्चिम_दार:
असं दार सापडलं तर कळवा, भाड्यानं घेतो.

सात_रस्ता:
टायमर सॉकेट ६ अँपिअरचं चालेल की १६ चं?

तारवाला:
६ भरपूर. बेलच्या वायरीवर लावू नका म्हणजे झालं.