मदत हवी आहे: ग्राहक एका गटातून दुसऱ्या गटात किती सरकले, हे एक्सेलमध्ये कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला दिंडोरी रोडवर मार्केट यार्डाजवळच्या एका कृषी सेवा केंद्राचा हिशेब मी बघते. औषधं, विद्राव्य खतं, बियाणं, थोडं ठिबकचं सामान असा माल आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक दिंडोरी, निफाड, चांदवडकडचे द्राक्षवाले आणि कांदेवाले.

टॅलीतून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, दोन वर्षांची विक्री एक्सेलमध्ये काढली आहे: २०२३-२४ आणि २०२४-२५. दोन वेगळ्या शीट आहेत. प्रत्येकीत खात्याचं नाव, मोबाईल, गाव आणि वर्षभराची एकूण खरेदी. शेठनी फार पूर्वी पाडलेले गट असे: लाख आणि वर मोठे, पंचवीस हजार ते लाख मध्यम, त्याखाली किरकोळ.

आधीच्या वर्षी मोठे ६४ होते, नंतरच्या वर्षी ६१. शेठचं म्हणणं, तीनच कमी झाले, त्यात काय एवढं. पण मी याद्या डोळ्याखालून घातल्या तर दोन्हीकडची नावं बरीच वेगळी दिसतात. मला हवं आहे ते असं: त्या ६४ पैकी किती मोठेच राहिले, किती मध्यमला उतरले, किती आलेच नाहीत, आणि आत्ताचे ६१ कुठून कुठून आले.

व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतलं दुसऱ्या यादीत शोधून आणणारं सूत्र, लावून पाहिला. जुन्या यादीसमोर नवी रक्कम येते, पण बऱ्याच ठिकाणी एनएची (सापडलं नाही अशी) चूक येते, आणि जे यंदा पहिल्यांदाच आले ते तर दिसतच नाहीत. ऑफिसात एक्सेल २०१६ आहे, त्यामुळे एक्सलुकअप हे नवं शोधसूत्र मिळत नाही. जाणकारांनी वाट दाखवावी.

— हिशेबवाली

आकडेमोड्या:

शंका अगदी रास्त आहे. नाशिकरोडहून बस भरून निघाली आणि सीबीएस बसस्थानकाला भरलेलीच पोचली, म्हणून आत तीच माणसं आहेत असं थोडंच असतं? वाटेत द्वारका चौकात कोण उतरलं, कोण चढलं ते मोजावं लागतं.

व्हीलुकअप एका यादीपासून सुरू होतो, म्हणून दुसऱ्या यादीतले नवे लोक त्याच्या हाती लागत नाहीत. आधी दोन्ही शीटमधले मोबाईल नंबर एकाखाली एक चिकटवा आणि डेटा टॅबमधलं रिमूव्ह डुप्लिकेट्स चालवा. ही झाली तुमची पक्की यादी, तिसऱ्या शीटवर, ए रकान्यात. नावावर जाऊ नका. टॅलीत एकच माणूस दोन स्पेलिंगने असतोच असतो.

आता बी रकान्यात जुन्या वर्षाची रक्कम आणा, पण व्हीलुकअपने नाही, समइफ्सने (अट जुळेल तेवढ्याच रकमांची बेरीज करणारं सूत्र): आधी जुन्या शीटमधला रकमेचा रकाना, मग तिथलाच मोबाईलचा रकाना, मग ए२. सी रकान्यात हेच नव्या शीटसाठी. याचे फायदे दोन. माणूस सापडला नाही तर चूक न येता शून्य येतं. आणि एका शीटमध्ये मोबाईल मजकूर म्हणून आणि दुसरीत आकडा म्हणून साठवलेला असेल तरी समइफ्स जुळवून घेतो. व्हीलुकअप तिथेच अडतो. तुमच्या बऱ्याचशा एनए त्याच असणार.

गट पाडायला बाजूला चार ओळींचा छोटा तक्ता करा. पहिल्या रकान्यात खालची मर्यादा, दुसऱ्यात गटाचं नाव: उणे दहा कोटी म्हणजे ‘नाही’, १ म्हणजे ‘किरकोळ’, २५००० म्हणजे ‘मध्यम’, १००००० म्हणजे ‘मोठे’. यावर मात्र व्हीलुकअपच लावा, शेवटी ट्रू देऊन, म्हणजे नेमकी रक्कम नसली तरी तिच्या लगेच खालच्या मर्यादेचा गट येतो. पहिली ओळ उणे कशाला, तर माल परत आलेला असतो. एखाद्याने मार्चमध्ये नेलेलं औषध एप्रिलमध्ये परत केलं आणि नंतर काहीच घेतलं नाही, तर त्याची वर्षाची रक्कम उणे येते. तक्ता शून्यापासून सुरू केला तर पुन्हा एनए.

मग डी मध्ये जुना गट, ई मध्ये नवा गट. पिव्हट टेबल (यादीवरून आपोआप मोजणी करून देणारा तक्ता) घाला: जुना गट ओळींत, नवा गट रकान्यांत, मोबाईलची मोजणी आत. कर्णावर जे आकडे येतील ते जागचे न हललेले. ‘नाही’च्या ओळीत नवे, ‘नाही’च्या रकान्यात गेलेले.

एक बारीक गोष्ट: पिव्हट नावं वर्णानुक्रमे लावतो, म्हणजे किरकोळ, नाही, मध्यम, मोठे. पुढे अ-ब-क-ड लावलंत तरी फसाल, वर्णमालेत क आणि ड आधी, ब नंतर. १-मोठे, २-मध्यम असे आकडेच लावा.

द्राक्षवेल:

वरची पद्धत बरोबर आहे, पण लाखाची मर्यादा किती वर्षं तीच आहे? औषधांचे भाव चढले की माणूस तेवढाच माल घेऊन आपोआप मोठ्यात जातो. त्यापेक्षा दर वर्षी खरेदीप्रमाणे उतरती यादी लावा आणि वरचे २० टक्के मोठे धरा.

आकडेमोड्या:

@द्राक्षवेल, इथे नको. वरचे २० टक्के धरले की मोठ्यांची संख्या तुम्हीच बांधून टाकली. एक वर चढला की कुणीतरी उतरायलाच हवा, मग त्याची खरेदी तेवढीच का राहिली असेना. शेठना विचारायचं आहे धंदा कुठे गळतोय. अशा गटांत गळती दिसणारच नाही. अख्खी बाजारपेठ निम्म्यावर आली तरी मोठे तितकेच. भाव चढल्याची चिंता असेल तर मर्यादाच वाढवावी, आणि दोन्ही वर्षांना एकच लावावी.

द्राक्षवेल:

मान्य. पण मग सीमेवरच्यांचं काय? ९८ हजारांचा १ लाख ३ हजारांवर गेला, याला बढती म्हणायचं?

आकडेमोड्या:

तो प्रश्न खराच आहे. एफ रकान्यात टक्केवारीतला फरक काढा आणि गट बदलूनही फरक १५ टक्क्यांच्या आत असेल तर ‘सीमेवर’ अशी खूण करा. पिव्हटमध्ये ती खूण फिल्टर म्हणून ठेवा. १५ हा काही शास्त्रातला आकडा नव्हे, तुमच्या धंद्याला पटेल तो घ्या.

यार्डातला:

माझंही दुकान आहे म्हणून सांगतो. ताई, रोखीचं खातं बघितलंत का? आमच्याकडे उधारीवाल्यांची वेगवेगळी खाती, आणि रोखीवाले सगळे ‘कॅश’ या एका खात्यात. एखाद्याने छाटणीनंतरची उधारी बंद करून रोख घ्यायला सुरुवात केली, की तो तुमच्या तक्त्यात ‘नाही’मध्ये जाणार. प्रत्यक्षात तो सगळ्यात चांगला गिऱ्हाईक झालेला असतो! कीटकनाशकाच्या बिलावर नाव असतंच, तिथून ओढून काढा.

दुसरं, बापाच्या नावाचं खातं बंद आणि पोराच्या नावाने नवं. तक्त्यात एक गेला आणि एक नवा. गाव आणि आडनाव लावून बघितलं की अर्धे सापडतात.

हिशेबवाली:

सगळ्यांचे आभार. तक्ता झाला. मोठ्या ६४ पैकी ३८ मोठेच राहिले, १७ मध्यमला, ४ किरकोळला, आणि ५ ‘नाही’. आत्ताच्या ६१ मध्ये १४ मध्यममधून चढलेले, २ किरकोळमधून, ७ नवे. म्हणजे वरवर तिघांचा फरक, आणि आत ६४ पैकी २६ हललेले.

यार्डातला यांनी सांगितलं तसं बघितलं. ‘नाही’मधल्या ५ पैकी दोघांची बिलं रोखीत निघाली, आणि एकाचं खातं मुलाच्या नावे झालेलं. खरोखर गेलेले दोनच. शेठना आता त्या १७ जणांची नावं हवी आहेत. आणि ते म्हणतात, याच हिशेबाने पुढच्या वर्षी मोठे किती राहतील तेही काढून दे. ते जमेल का?

आकडेमोड्या:

नावं सोपी आहेत. पिव्हटमधल्या त्या १७ वर डबल क्लिक करा, तेवढ्यांची यादी नव्या शीटवर उघडते. पक्क्या यादीत नाव आणि गावाचा रकाना आधीच आणून ठेवा, नाहीतर नुसते मोबाईल दिसतील. आणि त्याच पिव्हटची एक प्रत करून मोजणीऐवजी दोन्ही वर्षांच्या रकमांची बेरीज टाका. १७ जण उतरले म्हणजे नेमके किती रुपये उतरले, हे शेठना माणसांच्या संख्येपेक्षा लवकर कळेल.

पुढच्या वर्षाचा अंदाज मात्र एका जोडीवरून काढू नका. प्रत्येक ओळीतली टक्केवारी काढून तिने २०२४-२५ मधल्या त्या त्या गटाच्या संख्येला गुणता येतं, गणित तेवढंच आहे. पण त्यात गृहीत असं की दर वर्षी लोक याच प्रमाणात चढतात-उतरतात.

यार्डातला:

आणि ते गृहीत आपल्याकडे टिकत नाही. २०२३-२४ च आठवा. नोव्हेंबरच्या शेवटी निफाडकडे अवकाळी आणि गारपीट, लगेच ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी, ती मे २०२४ च्या सुरुवातीपर्यंत. त्या वर्षी कांदेवाल्याने हात आखडता घेतला असेल तर पुढच्या वर्षी तो चढलेला दिसणारच. त्यात दुकानाचं कर्तृत्व काय? गावाशेजारी पिकाचा एक रकाना घाला आणि द्राक्षवाले, कांदेवाले वेगळे बघा. मला वाटतं, तुमचे ते १७ एकाच पिकाचे निघतील.

आकडेमोड्या:

+१. पिकाचा रकाना पिव्हटच्या फिल्टरमध्ये टाका, बाकी काही बदलायला नको.

२०२५-२६ ची जोडी लावताना रक्कम जीएसटी सोडून घ्या. ठरावीक जैविक कीटकनाशकं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला आहे. करासकट रक्कम धरली तर तोच माल नेणारा माणूस काठावरून खाली घसरलेला दिसेल. टॅलीत करपात्र रकमेचा रकाना वेगळा येतो. जुन्या दोन वर्षांचीही तीच रक्कम घ्या, नाहीतर तुलना लागणार नाही.