साउथवेलसारख्या लहान गावात कॅथेड्रल कसे?

चौकस: इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर काउंटीतील साउथवेल हे बाजारपेठेचे एक लहान गाव आहे. नॉटिंगहॅमसारखे मोठे शहर जवळ असताना अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) बिशपचे पीठ या गावातल्या मिन्स्टरमध्ये, म्हणजे येथल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये, का आले आणि ते कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च) कसे झाले? आणि आठव्या हेन्रीने मठ बुडवले, तेव्हा ही भव्य वास्तू कशी वाचली?

जुनी_पाने: येथे चर्च आधी थोर झाले, बिशप फार उशिरा आला. राजा इडविगने साउथवेलची जमीन ९५६ च्या सुमारास यॉर्कचे आर्चबिशप ऑस्किटेल यांना दिली, आणि पुढे कित्येक शतके नॉटिंगहॅमशायरची लहानमोठी चर्चे याच चर्चला आपले मूळ चर्च मानत आली. आजचा नॉर्मन शैलीतला भाग ११०८ च्या सुमारास बांधायला घेतला गेला. पीठ मात्र १८८४ चे आहे. त्या वेळी शेजारची डर्बीशायर काउंटीही याच धर्मप्रांतात (बिशपच्या अधिकारक्षेत्रात) होती, ती १९२७ मध्ये वेगळी झाली. माझ्या मते, इतकी जुनी मानाची वास्तू उभी असताना शहराच्या आकाराला फारसे महत्त्व उरले नसावे.

दगडविटा: दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचे तर, येथे मठ नव्हताच. कॅनन म्हणवणारे धर्मगुरू गावात आपापल्या घरांत राहत आणि नेमून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर निर्वाह करीत. तरीही संकट टळले नाही: १५४० मध्ये या कॅननांची संस्था राजाच्या ताब्यात गेली, १५४३ च्या कायद्याने परत मिळाली, सहाव्या एडवर्डच्या काळात पुन्हा बरखास्त झाली आणि राणी मेरीने ती पुन्हा उभी केली. खरा शेवट एकोणिसाव्या शतकात झाला, कारण रिकाम्या होणाऱ्या जागा भरणेच बंद करण्यात आले आणि शेवटचे कॅनन १८७३ मध्ये वारले. अकरा वर्षांनी तेथे बिशप आले.

पानवेल: या कॅननांच्या बैठकीसाठी १२८८ च्या सुमारास बांधायला घेतलेले अष्टकोनी सभागृह अवश्य पाहावे. त्याचे दगडी छत मधल्या खांबाशिवाय उभे आहे. भिंतींवरील ओक, आयव्ही, मेपल, हॉप आणि द्राक्षवेलीची पाने तर पाथरवटांनी इतक्या बारकाईने कोरली आहेत की झाड ओळखता येते. कळसासारखी वाटणारी पश्चिमेकडची दोन शिखरे मात्र त्या काळची नाहीत. जुनी शिखरे १८०५ मध्ये उतरवली होती आणि आजची १८८० च्या सुमारास नव्याने बसवली गेली.