मदत हवी आहे: हाताने रंगवलेला ताणा बीमवर घेताना नक्षी सरकते, रंगही फिका येतो

नमस्कार मंडळी,
सोलापूरच्या पूर्व भागात राहते. सासऱ्यांच्या जुन्या हातमागावर सुती स्कार्फ विणते. ताणा (उभे धागे) २/४०, म्हणजे दोन पदरी ४० नंबरी सूत; बाणाही (आडवे धागे) तोच, काळा. ४८ नंबरची फणी, तिच्या प्रत्येक फटीत दोन धागे. ताणा सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळते, टेबलावर पसरून कोल्ड ब्रँड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी (गरम न करता धाग्याला धरणाऱ्या) ब्रशने रंगवते, मग बीमवर, म्हणजे मागाच्या मागच्या रुळावर, गुंडाळून घेते.

पण बीमवर चढेपर्यंत नक्षीचा पार विचका होतो. पाकळीची कड सरळ रंगवलेली असते, विणताना तिचे करवतीसारखे दाते दिसतात. इकतमध्ये (आधी धागे रंगवून विणलेल्या कापडात) थोडं सरकणं शोभतं हो, इथे वीतभर फरक पडतो! त्यात उन्हाळा लागल्यापासून रंग फिके. माप तेच, पण प्लॅस्टिक गुंडाळेपर्यंत धागा खडखडीत वाळतो आणि धुताना निम्मा रंग पाण्यात. दुकानदार म्हणतो मीठ वाढवा. ब्रशच्या कामात मीठ काय करणार?

कांडीवाला: ताई, मिठाचा नाद सोडा, ते बुडवून रंगवताना लागतं. हा रंग धाग्याला धरतो तो ओल असेपर्यंतच. रंगाच्या पाण्यात लिटरला १०० ग्रॅम युरिया घाला, ओल टिकते. हातभर रंगवलं की तेवढं लगेच प्लॅस्टिकखाली, आणि रात्रभर तसंच ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी ब्रश हातात घेऊच नये.

आडवाउभा: नक्षीचं सांगतो. जपानात होगुशी म्हणून पद्धत आहे: ताण्यात विरळ, तात्पुरता बाणा घालून त्यावर रंग छापतात आणि खरं विणताना तो बाणा काढत जातात. तुम्ही रंगवण्याआधी हातभर अंतराने चार-सहा आडवे धागे विणून घ्या. बीमवर घेताना ते राहू द्या, विणताना वयांच्या (ताण्याचे धागे उचलणाऱ्या फासांच्या) मागे येतील तसे ओढून काढा. धागे एकमेकांना सोडून पळणार नाहीत. ताण मात्र सगळीकडे सारखा हवा, आणि बीमवर थराथरात जाड कागद घाला. शिवाय काळा बाणा कशाला? ताण्याइतकाच जाड काळा धागा रंग खाऊन टाकतो. त्याहून बारीक २/८० घ्या, ताण्यातल्याच एखाद्या मधल्या छटेचा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. दिरांकडे शेतीच्या युरियाचं पोतं पडलंय, चालेल?

कांडीवाला: नको. त्याला कडुनिंबाचं तेल चोपडलेलं असतं. रंगवाल्याकडे टेक्निकल ग्रेड मागा.