सल्ला हवा: जॉर्ज वॉशिंग्टनच्या हेरांच्या जागा, एडिसनहून (न्यू जर्सी) एका दिवसात

एडिसनची_सून
नमस्कार मंडळी. सांगलीहून सासू-सासरे आलेत. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. मुलगा सातवीत आहे आणि सध्या त्याला कल्पर हेरांचं, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनला बातम्या पुरवणाऱ्या जाळ्याचं, वेड लागलंय. दोघांना मिळून त्या जागा दाखवायच्या आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालणं नको. जेवणासकट १५० डॉलर. लाँग आयलंडवरचं सेटॉकेट की ऑयस्टर बे?

पोर्टजेफकर
सेटॉकेट! आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात अब्राहम वुडहलची कबर आहे. सांकेतिक नाव ‘सॅम्युएल कल्पर’, तो हाच. १७७८ मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या टॉलमॅजने जाळं विणलं ते आपल्या गावच्या, लहानपणापासूनच्या माणसांतून, म्हणून ते शेवटपर्यंत फुटलं नाही. ऑस्टिन रो न्यूयॉर्कहून घोड्यावर बातमी आणायचा, कॅलेब ब्रूस्टर ती व्हेलबोटीने कनेक्टिकटला पोचवायचा. जमल्यास गाडी फेरीबोटीत घालून ब्रिजपोर्टला जाऊन या, पाणी किती रुंद आहे ते समजतं. तिकीट महाग आहे, पण आईबाबा रोज थोडेच येतात?

सह्याद्रीचा_वारा
बहिर्जी नाईकांनी हे सगळं शंभर वर्षं आधी केलं होतं. आधी मुलाला ते सांगा.

डीसीवाले_काका
लाँग आयलंडला काय ठेवलंय? सरळ वॉशिंग्टनला या, हेरगिरीचं मोठं संग्रहालय आहे. दोन रात्री राहा. आम्ही हॉटेलसकट गेलो होतो, मुलं बाहेर यायला तयार नव्हती.

मोडीप्रेमी
@सह्याद्रीचा_वारा, बहिर्जींचं मोठेपण आहेच. पण इथली पत्रं शिल्लक आहेत, ती गंमत वेगळी. टॉलमॅजच्या संकेतकोशात ७६३ आकडे होते. ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ न्यूयॉर्क. शाई जेम्स जे यांनी बनवलेली, दुसरं रसायन लावल्याशिवाय दिसायची नाही. ताई, मुलाकडून आकड्यांत एक पत्र लिहून घ्या, फुकटात होईल.

क्वीन्सची_मावशी
एजंट ३५५ बद्दल कुणीच कसं बोललं नाही? बाई होती, कैद्यांच्या जहाजावर मेली. तिचं स्मारक ब्रुकलिनला आहे, तिथे न्या.

मोडीप्रेमी
मावशी, कोशात ३५५ म्हणजे फक्त ‘स्त्री’. वुडहलच्या एका पत्रात तो आकडा येतो, बाकीची कहाणी नंतर रचलेली. फोर्ट ग्रीनचं स्मारक आहे ते जहाजांवर मेलेल्या हजारो कैद्यांचं, त्यासाठी जरूर जावं. सेटॉकेटची ॲना स्ट्राँग दोरीवर काळा परकर वाळत घालून हेरांना खूण करायची म्हणतात, त्यालाही कागदोपत्री पुरावा नाही.

क्वीन्सची_मावशी
पुरावा मागे ठेवला तर ती हेर कसली!

पोर्टजेफकर
सेटॉकेटच. फेरी विसरू नका.

हिक्सव्हिलकर
ऑयस्टर बेला रेनहॅम हॉल आहे, रॉबर्ट टाउनसेंडचं घर. ‘कल्पर ज्युनियर’ तो. जिवंतपणी ओठ शिवलेले. पुढे साधारण १९३० मध्ये अक्षर जुळवल्यावर नाव कळलं. एक सांगते, कुठेही जा, आधी फोन करा. आम्ही एका छोट्या संग्रहालयाच्या बंद दारावरून परत आलो, वर लाँग आयलंडच्या ट्रॅफिकमध्ये दुपार गेली.

नायॅक_निवासी
हडसन नदी ओलांडूच नका. अलीकडच्या टॅपनला जा. ब्रिटिश गुप्तचरप्रमुख मेजर आंद्रेला तिथे कैदेत ठेवलं आणि २ ऑक्टोबर १७८० ला फाशी दिलं. वेस्ट पॉइंट या अमेरिकन किल्ल्याची कागदपत्रं त्याच्या मोज्यात सापडली होती. त्याला टॅपनला आणताना सोबत होता टॉलमॅज. आंद्रेने विचारलं, माझं काय होईल? टॉलमॅजने त्याला नेथन हेलची आठवण दिली. हेल टॉलमॅजचा येलचा वर्गमित्र, १७७६ मध्ये ब्रिटिशांनी फासावर चढवलेला. वॉशिंग्टन राहिले ते डी विंट हाउसही गावातच.

डीसीवाले_काका
टॅपनला कोण जातं? संग्रहालय बघा.

एडिसनची_सून
सगळ्यांचे आभार. टॅपन ठरलं. सासऱ्यांना टॉलमॅज आणि आंद्रेचा प्रसंग वाचून दाखवला, ते म्हणाले आधी तिथेच. गावात सगळं जवळ आहे, सासूबाईंना चालेल. डबा घरून नेणार, थालीपीठ आणि दही. @मोडीप्रेमी, मुलाने आजोबांना ७११ ने सुरू होणारं पत्र लिहून ठेवलंय. @नायॅक_निवासी, रविवारी गाडी कुठे लावायची?

पोर्टजेफकर
टॅपन झालं की सेटॉकेटला या. आमच्याकडेच उतरा.