मदत हवी आहे: रस्ता रुंदीकरणात येणारी लेख असलेली जुनी शिळा

रानजाई
कोकणात खाडीकाठच्या रस्त्यालगत काळ्या दगडाची एक शिळा उभी आहे. जमिनीवर साडेतीन फूट, रुंदी दीड फूट, जाडी पाऊण फूट. वर चंद्र-सूर्य, मधे कलश, खाली देवनागरीच्या नऊ-दहा ओळी. ‘स्वस्ति श्री’ आणि पुढच्या ओळीत ‘सकु’ (म्हणजे शक) एवढं लागतं, आकडे झिजलेत. खालचा भाग पुरलेला आहे. रुंदीकरणाच्या खुणा शिळेच्या पलीकडे पडल्यात. हा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) आहे का? लेख वाचायचा कसा? हलवायची वेळ आली तर काय काळजी घ्यावी?

टाकीचे घाव
वीरगळ नसावा. वीरगळावर चौकटी असतात: तळाशी पडलेला वीर, वर लढाई, मग अप्सरा त्याला नेताहेत आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. चंद्र-सूर्याखाली थेट दानलेख असेल तर बहुधा गधेगळ. गाढवाचं शिल्प तळाशी असतं, तेच पुरलं गेलं असणार. दान मोडणाऱ्याला दिलेला तो शाप आहे. खात्री करण्यासाठी उकरू नका. उभा दगड एका बाजूने मोकळा केला की कलतो, आणि आजूबाजूच्या मातीतला पुरावाही जातो.

वाचनासाठी खडू, कोळसा, पीठ, तेल काहीही अक्षरांत भरू नका. भरणारा स्वतःला दिसतं तेवढंच भरतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तेच चुकीचं वाचन उमटतं. तारेच्या ब्रशने तर अक्षराची कडच जाते. मऊ ब्रशने सुटी धूळ काढा, शेवाळ राहू द्या.

अंधार पडल्यावर जा. कॅमेरा तिकाटण्यावर, दगडाच्या अगदी समोर. टॉर्च तीन-चार फुटांवरून, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. कॅमेरा न हलवता प्रकाश आठ दिशांनी टाकून आठ फोटो घ्या. उभी रेघ बाजूच्या प्रकाशात उठते, आडवी वरच्या, म्हणून एका फोटोवर कधीच वाचू नये. चौकटीत मोजपट्टी हवीच.

रानजाई
धन्यवाद. आकडे तरीही संदिग्ध राहिले तर? पहिला 1 वाटतो, 9 ही असू शकेल.

टाकीचे घाव
मग संवत्सराचं, म्हणजे प्रभव ते क्षय या साठ वर्षांच्या चक्रातलं नाव शोधा, ते बहुतेकदा आकड्यांच्या लगेच पुढे असतं. शकात 12 मिळवा, 60 ने भागा. बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक (बाकी शून्य म्हणजे साठावा, क्षय). अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचं शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांचं वाचन शके 934 आहे. 934 अधिक 12 म्हणजे 946, बाकी 46, आणि सेहेचाळिसावा संवत्सर परिधावी. लेखातही तोच आहे. इसवी सनासाठी 78 मिळवा, म्हणजे 1012. तिथी पौषानंतरची असेल तर बहुधा 79. शकाचं सरलेलं वर्ष मोजलंय की चालू, यामुळे आकडा आणि संवत्सर यांत एका वर्षाचा फरक पडू शकतो. दहा वर्षांचा पडला तर आकडा चुकलाय.

मुरूमखडी
हलवण्याबद्दल. आधी जागा नोंदवा, कारण असा दगड दान दिलेल्या जमिनीत किंवा तिच्या हद्दीवर उभा करत. देवळाच्या आवारात नेऊन ठेवला की लेख उरतो, पण ‘ही जमीन’ म्हणजे कोणती ते कायमचं हरवतं. अक्षांश-रेखांश, गट नंबर, लेखाचं तोंड कोणत्या दिशेला आणि दोन न हलणाऱ्या खुणांपासूनची अंतरं टेपने मोजून लिहा.

रस्ता कोणाचा ते विचारा: जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम की राष्ट्रीय महामार्ग. त्या कार्यालयाच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या, प्रती तहसीलदार, ग्रामपंचायत आणि राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला. पोच घ्या. ‘ऐतिहासिक दगड वाचवा’ एवढ्यावर कोणी हलत नाही. फोटो, नकाशा आणि ‘गटाराची रेघ चार फूट सरकवावी’ अशी नेमकी मागणी हवी. ग्रामसभेचा ठराव जोडलात तर वजन येतं.

हलवावाच लागला तर पुरातत्त्वच्या माणसासमोरच. पुरलेला भाग धरून उंची सहा फूट मानली, तर वजन साडेपाचशे किलोच्या घरात जातं. जेसीबीच्या बकेटने उचलू नये, साखळी लावू नये. रुंद नायलॉनचे पट्टे आणि खाली गोणपाट. पुन्हा उभारताना सिमेंटमध्ये गाडू नका. सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर दगडात चढतात आणि जमिनीलगत पापुद्रे सुटतात, म्हणजे नेमकं गाढवाच्या शिल्पाजवळ. खडी-मुरुमाचा थर, पाण्याला वाट, तोंड पूर्वीच्याच दिशेला. ऑइलपेंटही नको, आत शिरलेलं पाणी त्यामुळे कोंडतं.

टाकीचे घाव
फोटो झाले की आठही मूळ फाइली इथे चढवा, व्हॉट्सॅपवरून आलेल्या नकोत. ‘सकु’च्या पुढची अर्धी ओळ जवळून वेगळी घ्या, संवत्सर तिथेच असेल.